शिस्त कुणाची, पाठ कुणाची?

हल्ली जिकडंतिकडं एकच ओरड आहे. पोरं बिघडली. हायस्कूलची पोरं ऐकत नाहीत, मास्तरला उलटून बोलतात, वर्गात मोबाईल काढतात, बाकं मोडतात, केस रंगवतात. आणि ह्या ओरडीच्या शेवटी ठरलेलं रडगाणं : आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो, छडी गेली आणि शिस्त गेली.

पांढरपेशा असं म्हणतो तेव्हा मला नवल वाटत नाही. छडीची मूठ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच बाजूला होती. पण आता हेच आपल्या वस्तीतली माणसं म्हणायला लागलीत. पालकसभेत उभी राहतात, जयभीम घालतात आणि मास्तरला सांगतात : साहेब, सोलून काढा, आमची काही हरकत नाही, पण पोरगं सरळ करा. मास्तर खूश. मुख्याध्यापक खूश. संस्थाचालक तर जास्तच खूश. कारण मारायचा परवाना बापानंच सही करून दिला. म्हणून हा लेख पांढरपेशासाठी नाही. तो आपल्या माणसांसाठी आहे, आणि आपल्या छावणीत बसून शिस्त ह्या शब्दाला नुसतं 'बुर्ज्वा' म्हणून उडवून लावणाऱ्या दोस्तांसाठीही आहे. दोघंही चुकतात.

मी गोदीत कंत्राटावर ओझी वाहतो. शिक्षण दहावी पास. शाळेवर बोलायचा तुला काय अधिकार, असं कुणी विचारील. ज्याच्या पाठीवर शाळेनं हात साफ केला त्याला अधिकार नाही, तर मग कुणाला?

पहिल्यांदा गुन्ह्यांची यादी बघू. आपली पोरं जातात त्या कुठल्याही हायस्कुलात, वर्षभरात कुणाला कशासाठी उभं केलं ते विचारा. उशिरा आला. बूट नाहीत, चपला घालून आला. गणवेश मळका. वही आणली नाही. गृहपाठ केला नाही. तासाला झोपला. अशुद्ध बोलतो. शिव्या देतो. पालकांना बोलावलं, आले नाहीत.

आता ह्या यादीचं आपल्या बोलीत भाषांतर करा. उशिरा आला म्हणजे आई पहाटेच धुण्याभांड्याला गेली, नळाची रांग आणि धाकट्या बहिणीला बालवाडीत पोचवायचं काम त्याच्यावर आलं. बूट नाहीत म्हणजे बूट नाहीत, त्यात भाषांतर करण्यासारखं काही नाही. गणवेश मळका म्हणजे गणवेश एकच आहे. वही नाही म्हणजे पगार सात तारखेनंतर होतो. गृहपाठ नाही म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, एक दिवा, एक टीव्ही. झोपला म्हणजे रात्री बारापर्यंत लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचं काम केलं. अशुद्ध बोलतो म्हणजे आईसारखं बोलतो. पालक आले नाहीत म्हणजे आले असते तर खाडा पडला असता, आणि खाडा पडला की त्या दिवशीची चूल अर्धी.

नऊ गुन्हे मोजले. त्यातले आठ गरिबीचे निघाले. उरली शिवी.

शिवी वाईटच. पण वर्गात शिव्या दोन प्रकारच्या असतात. पोरानं दिलेली शिवी वर्गातून कार्यालयात जाते, कार्यालयातून घरी जाते, घरून परत पाठीवर येते. मास्तरनं दिलेली शिवी कुठंच जात नाही. 'तुम्ही लोकं', 'सरकारचे जावई', 'फुकटचं खाणारे'. ह्या शिव्यांना कधी कुणी बेशिस्त म्हटलं? मी ज्या हायस्कुलात शिकलो तिथं स्कॉलरशिपचे फॉर्म आले की भर वर्गात पुकारा व्हायचा : एससीवाले उभे राहा. आम्ही उभे राहायचो. बाकीचे मान वळवून बघायचे. कोण कुठल्या बाकावर बसतो ते त्या दिवशी सगळ्या वर्गाला पाठ व्हायचं. ही जात जाहीर करायची कवायत. ती अगदी शिस्तीत पार पडायची.

म्हणून मी म्हणतो, शिस्त हा शब्द ऐकला की आधी विचारा : कुणाची शिस्त? कुणासाठी?

बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पाळावाच. पण पाळताना त्या वर्गात वळण कसलं होतं तेही पोरांना सांगा. सगळ्यांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचं. संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यायचं, कारण शाळेचा झाडूवालासुद्धा त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर मास्तरला सांगायचं, मास्तर शिपायाला सांगणार, शिपाई वरून पाणी ओतणार. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढं मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला मास्तरनं त्यांना फळ्याकडं बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला सगळा वर्ग धावला. गोंधळ कुणी घातला? ज्यांना वळण होतं त्यांनी. शांत कोण उभा होता? ज्याला बाटगा समजत होते तो.

ओमप्रकाश वाल्मीकींनी 'जूठन'मध्ये लिहून ठेवलंय. हेडमास्तरनं ह्या भंगी समाजातल्या पोराला वर्गात बसूच दिलं नाही. हातात झाडू दिला आणि शाळेचं मैदान झाडायला लावलं. एक दिवस नाही, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी बापानं बघितलं, झाडू हिसकावून फेकला आणि हेडमास्तरशी भांडला. इथं शिक्षा कुठली आणि जातीचं काम कुठलं, मला वेगळं करून दाखवा. त्या पोरानं गुन्हा काय केला होता? शाळेत आला होता, हा.

आणि भटक्याविमुक्त भावांना विचारा 'हजेरी' म्हणजे काय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजानं अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली. बाहेर जायचं तर पास, आत यायचं तर हजेरी. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आजही वर्गात पैसे हरवले की पहिलं दप्तर कुणाचं तपासतात? कायदा गेला, मास्तरच्या डोळ्यातली सेटलमेंट गेली नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण आपली पोरं कायदा वाचत नाहीत आणि शाळा तो वाचू देत नाहीत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं १७ वं कलम साफ सांगतं : मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळ करायचा नाही. केला तर सेवानियमांप्रमाणे कारवाई. कलम चांगलं. पण ह्या कायद्यातलं 'मूल' म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. आठवीपर्यंतचं. नववीत गेला, पंधरावं लागलं, की हे छत्र डोक्यावरून गेलं. ज्या वयात पोरगं उलट प्रश्न विचारायला लागतं, नेमकं त्याच वयात त्याला उघडं पाडलं. तरी अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला लागू आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहेच. शाळेच्या भिंतीवर सुविचार शंभर असतात. ही तीन कलमं एकाही भिंतीवर मला दिसली नाहीत.

कलमं पुस्तकात, पाठ वर्गात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानं २००७ मध्ये मुलांच्या छळाचा अभ्यास छापला, तेरा राज्यांतला. शाळेत जाणाऱ्या शंभर पोरांपैकी ६५ नी सांगितलं की आम्हाला शाळेत मार मिळतो. तिघातले दोघं. म्हणजे छडी गेली म्हणून पोरं बिघडली, हे रडगाणंच खोटं. छडी कधी गेलीच नव्हती. फार तर टेबलावरून कपाटात गेली.

सप्टेंबर २०२२. उत्तर प्रदेशातला औरैया जिल्हा. दहावीतला दलित पोरगा. चाचणीत एक शब्द चुकला म्हणून मास्तरनं मारलं, लाथा घातल्या, अशी त्याच्या बापानं पोलिसांत तक्रार दिली. काही दिवसांनी पोरगं मेलं. चुकलेला शब्द कुठला होता माहीत आहे? 'सामाजिक'. दोस्तांनो, मी कवी आहे, पण ह्यावर मला कविता सुचत नाही. तो शब्द ह्या देशाला अजून लिहिता येत नाही आणि मार मात्र एका पोरानं खाल्ला.

उत्तर प्रदेश लांब वाटत असेल तर वसई घ्या. लोकलनं जाता येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सहावीतली मुलगी शाळेत उशिरा आली. पाठीवर दप्तर ठेवून शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी गेली. उशिरा येण्याची किंमत किती असावी, ह्याचा दर कुठल्या शाळासंहितेत लिहिलाय?

ह्या शिक्षा दिसतात तरी. न दिसणारी शिक्षा आणखी वाईट, आणि ती नववीत मिळते. आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही, कायदा आड येतो. नववीला आडकाठी संपली. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, पेपरात नाव आलं पाहिजे, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक वाढलं पाहिजे. मग कच्च्या पोराच्या आईला बोलावतात. तुमचा मुलगा बेशिस्त आहे, अभ्यासात लक्ष नाही, दाखला काढून घ्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर फॉर्म खाजगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असतो, कामधंदा करून शिकणाऱ्यांसाठी. तो चांगलाच आहे. माझ्याबरोबरचे कितीतरी जण त्यावर मॅट्रिक झाले. पण शाळेत शिकणाऱ्या पोराला शाळेबाहेर ढकलायला तोच फॉर्म वापरायचा, ही चोरी. आणि चोरीला नाव 'शिस्तभंगाची कारवाई'. २०२१-२२ चे सरकारचे देशाचे आकडे बघा : सहावी ते आठवीत गळती ३ टक्के, नववी-दहावीत १२.६ टक्के. चौपट. दोन-तीन वर्षांत पोरं एकदम चौपट बिघडतात काय? पोरं स्वतः गळतात असं पांढरपेशा म्हणतो. गळतं ते फळ, पिकल्यावर. कोवळं तोडून टाकतात त्याला गळती म्हणत नाहीत.

दाखला हातात आलेलं पोरगं कुठं जातं ते आम्हाला माहीत आहे. ते आमच्याकडं येतं. नाक्यावर, गाडीवर, गोदीत.

आता आपल्या माणसांशी बोलतो. सोलून काढा म्हणणारे आईबाप वाईट नाहीत. त्यांना भीती आहे. आपलं पोरगं आपल्यासारखं होईल, ही. छडीनं का होईना पण त्यानं ह्या चाळीतून बाहेर पडावं, एवढंच त्यांना हवंय. पण बाबांनो, जरा आठवा. छडीनं आपल्यातले किती बाहेर पडले? छडी खाऊन जे शिकले ते छडीमुळं शिकले नाहीत, छडी असूनही शिकले. आणि छडीमुळं ज्यांनी शाळा सोडली ते पालकसभेत 'आमच्या वेळी' म्हणायला येत नाहीत. त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. सोलायचा हुकूम तुम्ही ज्याला देता तो सोलताना सगळ्या पोरांना सारखं सोलत नाही. नगरसेवकाच्या पोराला तो 'बाळ' म्हणतो.

मास्तरशीही दोन शब्द. सगळे मास्तर जातदांडगे नाहीत. आपल्यातलेही मास्तर झालेत. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, वरून निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या भरणं. नवा मास्तर लागतो तो शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं मानधनावर. हायस्कूलच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना अठरा हजार, त्याआधी कितीतरी वर्षं नऊ हजारांच्या आत. ह्या मास्तरच्या पाठीवर संस्थाचालकाची छडी आहे. तो वरून खातो आणि खाली देतो. आमच्याकडं मुकादम हेच करतो. म्हणून मास्तरला सांगायचं : बाबा, तुझी छडी खाली मारायची सोड, वर्गातली संख्या कमी करा म्हणून आमच्याबरोबर वर भांड. आम्ही तुझ्या बाजूनं येऊ. पण पोराच्या अंगाला हात लावलास तर येणार नाही.

इथपर्यंत आपल्या छावणीतल्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या असतील. आता पुढचं ऐका.

वर्गातला गोंधळ खोटा नाही. दांडगी पोरं बारक्यांचे डबे खातात, त्यांना धमकावून पैसे काढतात. मुली जिन्यावरून जायला घाबरतात. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेच्या मागच्या भिंती लाल आहेत. मागच्या बाकावर बसून मास्तरणीवर घाणेरडं बोलणं ह्याला काही दोस्त 'विद्रोह' समजतात. कसला विद्रोह? जी बाई अठरा हजारांत तीन वर्षं काढते तिला रडवणं हा विद्रोह आहे काय? विद्रोह म्हणजे बाकं मोडणं नाही. बाक आपल्याच धाकट्या भावाला बसायला लागणार आहे. आणि शिस्त कोलमडली की पहिला कोण मरतो? जो दुबळा असतो तो. म्हणजे आपणच.

नांगुनेरी लक्षात ठेवा. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात हे गाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बारावीतला एक दलित पोरगा शाळेतल्याच वरच्या जातीच्या पोरांच्या त्रासाला कंटाळला. त्यानं शाळेत तक्रार केली. त्या पोरांनी रात्री त्याच्या घरात घुसून त्याला कोयत्यानं तोडलं. बहीण मधे पडली, तिलाही तोडलं. दोघं वाचली, आणि तो पोरगा पुढं बारावी पास झाला. त्यानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू ह्यांची समिती नेमली. जून २०२४ मध्ये तिनं अहवाल दिला. शाळेत जात दाखवणारे रंगीत दोरे-गंडे मनगटावर बांधू देऊ नका, शाळांच्या नावातून जाती काढा, अशा शिफारशी केल्या. ह्याला मी शिस्त म्हणतो. केस किती इंच आहेत ते मोजणारा मास्तर मनगटावरचा जातीचा दोरा बघत नाही, तर तो कसली शिस्त राखतो?

आणि शिस्त मुलांनाच का म्हणून? मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हुकूम काढला की शाळाशाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करा. ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा आईबापांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं. शेवटी २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मग सगळीकडं धावपळ सुरू झाली : समित्या आहेत काय, कॅमेरे चालतात काय, तक्रारपेटी कुठं आहे. पोरगं दहा मिनिटं उशिरा आलं तर गेट बंद. संस्थाचालकाला सरकारी हुकूम पाळायला अडीच वर्षं उशीर झाला तर कुठलं गेट बंद?

ह्या बाबतीत आपल्याकडं एक राजा होऊन गेला. जानेवारी १९१९ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हुकूम काढला : सरकारी शाळांत अस्पृश्य मुलांना बरोबरीनं वागवा, ज्या नोकराला हे पटत नसेल त्यानं राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्यांनी बंद केल्या आणि सगळी पोरं एका शाळेत बसवली. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं की शिस्त लावायची तर मास्तरापासून लावायची.

तर मग आम्हाला कुठली शिस्त पाहिजे?

गोदीत या, दाखवतो. जहाजाच्या पोटात आमची टोळी उतरते. वर क्रेन. क्रेनवाल्याला खालचं काही दिसत नाही. हॅचच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो, तो हातानं इशारे करतो. वर, खाली, थांब. त्याच्या हातावर आमचा जीव. लटकत्या मालाखाली कुणी उभं राहायचं नाही, हा नियम. हा नियम शिकवायला कुणी आम्हाला मारलं नाही. का उभं राहायचं नाही ते पहिल्या दिवशी कळतं. हेल्मेट मजुरालाही आणि बघायला आलेल्या साहेबालाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा : थांबायचा इशारा कुणीही करू शकतो. काल लागलेला पोरगासुद्धा. त्यानं हात वर केला की क्रेन थांबलीच पाहिजे. आधी थांबायचं, मग का ते विचारायचं. गोदी काही स्वर्ग नाही, तिथंही लूट आहे आणि मुकादम आहे. पण नियम कसा असावा ते मी तिथं शिकलो. ज्याचं कारण सांगता येतं, जो वरच्यालाही लागू आहे, आणि ज्यात सगळ्यात खालचा माणूस 'थांबा' म्हणू शकतो, तो नियम. ह्यातलं एक जरी नसलं तरी तो नियम नव्हे, दादागिरी.

हे आपल्या चळवळीला नवं नाही. २० मार्च १९२७ ला महाडला हजारो माणसं रांगेनं चवदार तळ्यावर गेली. परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांनी माणसं आवरली, आणि ती आवरली गेली. का? कशासाठी आवरायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्याच काळात समता सैनिक दल उभं राहिलं. आणि आजही ६ डिसेंबरला दादरला या. लाखो माणसं, लेकरं खांद्यावर, तासन्‌तास रांगेत. अडाणी, बेशिस्त, 'तुम्ही लोकं' म्हणतात तीच ही माणसं. त्यांना कोण छडी मारतं? ज्या ठिकाणी माणसाला आपला मान आहे असं वाटतं तिथं तो रांग मोडत नाही. शाळेत पोरगं रांग मोडतं तेव्हा रांगेत त्याला काय मिळतं ते आधी बघा.

नुसतं बोलून भागणार नाही. आपल्या शाखांनी आपापल्या भागातल्या हायस्कुलांत जाऊन ह्या मागण्या लेखी द्याव्यात.

एक. मारायचं नाही. आठवीपर्यंत नाही आणि नववी-दहावीतही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाची हद्द अठरा वर्षांपर्यंत वाढवा. तोवर बाल न्याय कायद्याचं कलम मराठीत, मोठ्या अक्षरात, शाळेच्या दारावर लावा.

दोन. उशीर, बूट, गणवेश, वही ह्यासाठी शिक्षा नाही. उशिरा आलेल्या पोराला आत घ्या, बसवा, मग का उशीर झाला ते विचारा. गेटबाहेर ठेवलेलं पोरगं रस्त्यावर जातं, घरी नाही.

तीन. नववीतल्या कुणालाही दाखला घ्यायला लावायचा नाही. ज्याचा दाखला निघाला त्याचं कारण लेखी द्या. दहावीच्या निकालाबरोबर हेही छापा : नववीत पोरं किती होती आणि दहावीला बसवली किती.

चार. वर्गाचे नियम जूनमध्ये पोरांबरोबर बसून करा. दहापेक्षा जास्त नको. प्रत्येकापुढं कारण लिहा. मास्तरसाठी नियम त्याच कागदावर लिहा : जातीवरून बोलणार नाही, भर वर्गात कुणाची स्कॉलरशिप पुकारणार नाही, वेळेवर येईन.

पाच. दांडगाई, मुलींची छेड, जातीवरून चिडवणं ह्याला माफी नाही. पण पहिली शिक्षा भरपाईची. ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्यायचं, ज्याला दुखावलं त्याच्यासमोर बसून ऐकून घ्यायचं. मोडलेलं बाक मोडणाऱ्यानं सुताराबरोबर बसून दुरुस्त करावं. संडास झाडायची शिक्षा कुणालाही नाही. काम ही शिक्षा नव्हे, आणि ते काम कुणाच्या वाट्याला देतात ते आम्हाला ठाऊक आहे.

सहा. तक्रार ऐकायला पोरांनी निवडलेली पोरं, आईबाप आणि मास्तर ह्यांची समिती. त्यात मुली निम्म्या. सभा रविवारी किंवा रात्री, म्हणजे कुणाचा खाडा पडणार नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर गेलं तर जबाबदारी मुख्याध्यापकाची.

सात. एका वर्गात चाळीसच्या वर पोरं नकोत. रिकाम्या जागा भरा, मास्तरला पूर्ण पगार द्या.

ह्या मागण्या देताना आपणही काही बांधून घेऊ. वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी सात ते नऊ दिवा आणि शांतता. त्या वेळात तिथं लाउडस्पीकर लागणार नाही, जयंतीच्या मीटिंगासुद्धा नऊनंतर. आपल्यातले जे दहावी-बारावी झालेत त्यांनी आळीपाळीनं बसायचं. मी मंगळवार आणि शुक्रवार घेतो. दिवसपाळी असेल तर. आणि कुठल्या मुलीची छेड आपल्या वस्तीतल्या पोरानं काढली तर 'आपला आहे' म्हणून पांघरूण घालायचं नाही. आपला आहे म्हणूनच विचारायचं.

१८५५ मध्ये जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता नावाची मातंग मुलगी, वय चौदाच्या आसपास, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. त्यात ती पेशवाईला आणि धर्माला जाब विचारते. आजच्या हिशेबानं ती आठवी-नववीत असेल. आजच्या शाळेत ती असती तर मुख्याध्यापकानं तिच्या आईला बोलावलं असतं आणि सांगितलं असतं : मुलगी हुशार आहे, पण उलटून बोलते.

आम्हाला अशाच उलटून बोलणाऱ्या पोरी पाहिजेत. त्यांनी वेळेवर यावं, रांगेत उभं राहावं, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं आणि मग उलटून बोलावं. शाळा सुरू होण्याआधी निवेदनं तयार ठेवा. पहिल्या आठवड्यातच द्यायची आहेत.

जय भीम.